नीलेशचं वळण

रत्नागिरी, १६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

"कडक बी आहे अन् फुगवायची बी आहे, अशी कोणती बोट असते?" हा तुझा प्रश्न मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले, पण साधं उत्तर कोणालाच देता येईना. आता मी प्रयत्न करते.

बोटीचा खालचा भाग फायबरचा. तो कडक, मधोमध धार असलेला, म्हणजे लाटा कापायला बरा. त्याच्या दोन्ही कडांना जाड रबरी कापडाची हवा भरलेली नळी, पाण्याच्या ड्रमएवढी जाड. बोट सरळ धावते तेव्हा नळ्या पाण्याला जेमतेम शिवतात. वळताना मात्र बोट एका अंगावर कलते आणि त्या अंगाची नळी पाण्यावर टेकून तिला तोलून धरते. सायकल शिकताना मागून सीट धरणारा माणूस असतो ना, अगदी तसं. नीलेश शिकत होता तेव्हा मी धरायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. ते विसर.

परवा शेवटची चाचणी झाली. चाळीस नॉट, म्हणजे ताशी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. मी स्वतः चालवली. उतरले तेव्हा दात जागेवर आहेत का ते जिभेने तपासलं. तीन वर्षं कागदावर आणि कॉम्प्युटरवर जी होती ती खरोखर धावते, आणि मी मान्य केलेल्या आकड्यांप्रमाणेच धावते, हे पाहून रडू आलं. खाऱ्या पाण्याने तोंड भिजलेलं असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

आणि आता ऐक. पाच राज्यांच्या बचाव पथकांनी या बोटी घेतल्या आहेत. त्यांतली एक नीलेशच्या पथकाकडे येते आहे. माझी बोट आणि तुझा मुलगा! त्याला म्हणावं, नीट सांभाळ.

तुझी,
पूर्णिमा


तात्यापारा, रायपूर, १४ मार्च

चि. पूर्णिमास मावशीचे खूप आशीर्वाद.

बोट आली! ट्रेलरवर होती. नीलेशने हट्ट करून ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभी करवली. सदर बाजारातून येणाऱ्या स्कूटरा सगळ्या अडकल्या, अन् पोंपों इतकं की मले बी ऐकू आलं. मी हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडायले निघाली तर हा पोट्टा ओरडला, "आई, ट्यूबवर नको!" मग रस्त्यावर फोडला.

साहेबांनी चालवायसाठी नीलेशलेच निवडलं. अन् त्याचा तो जोडीदार लेखराम साहू आहे ना, जो आपल्याकडे दिवाळीले येते अन् पुरणपोळी दुधात बुडवून खाते, तो समोर बसून दोर सांभाळणार. दोघंही लहान पोरांसारखे खुश आहेत. धमतरीकडच्या धरणात रोज सराव करून राहिले.

तू फोन करते अन् मले ऐकू येत नाही, त्याचा राग नको करू. कानातलं मशीन लावलं की अख्खा पारा, सगळ्या मोहल्ल्याचा गोंगाट, डोक्यात शिरते. पत्र बरं. तुझ्या आईचं अक्षर बी असंच तिरपं होतं. ती गेली तेव्हा तू पहिलीत होती अन् तुले माझ्याकडं आणलं, तेव्हापासून मी तुझं अक्षर सुधारून राहिली, अजून सुधारलं नाही.

एक गोष्ट सांग. नीलेश म्हणते, ही बोट पडतच नाही. खरं का?

तुझी मावशी,
वनमाला


रत्नागिरी, २ मे

प्रिय मावशी,

बोट पडत नाही हे खरं आहे, म्हणजे खरं होतं. आता मला कळेनासं झालं आहे.

आमच्या एका गिऱ्हाइकाकडे अपघात झाला. सरावात बोट वेगात वळवली आणि ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरली. पुढे बसलेला माणूस बाहेर फेकला गेला, इंजिनाच्या कडेवर आपटला. पाठीचं हाड मोडलं आहे. कोणतं राज्य, कोण माणसं, हे आमचे सचिन सर सांगत नाहीत. म्हणतात, "तुला फक्त आकडे बघायचे आहेत. नावं कळली की मत गढूळ होतं." पटलं मला ते.

पण आकडेच गढूळ आहेत, मावशी. इंजिनातल्या नोंदीप्रमाणे वेग तीस नॉटच्या आत होता, वळणही फार आवळलेलं नव्हतं. मी इथे समुद्रात याहून जोरात आणि याहून वाकडी वळवली आहे, लाटांमध्ये. आकडे म्हणतात, बोट फिरायला नको होती. बोट फिरली. मग काय झालं? सगळे एकाच बाजूला बसले होते? चालवणाऱ्याने मध्येच झटका दिला? अशा गोष्टींची नोंद होत नाही. सर म्हणतात, "चालवणाऱ्याची चूक असं सरळ लिही. दुसरं काही उरतच नाही." माझ्या सहीने मत जायचं आहे आणि दहा दिवस मी पेन उचलून खाली ठेवते आहे.

नीलेश फोन उचलत नाही. पंधरा दिवस झाले. मेसेजला नुसता अंगठा पाठवतो. धरणावर नेटवर्क नाही का? त्याला विचारायचं होतं की वळताना बोट कशी वाटते.

पूर्णिमा


रायपूर, ८ मे

चि. पूर्णिमास आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नंतर देवघरात ठेवलं, मग तिथून उचलून उशीखाली ठेवलं. कुठं ठेवावं तेच समजेना.

नीलेश बरा आहे. आजकाल ऑफिसातच असते, बाहेर ऊन फार म्हणून. जेवण कमी झालं त्याचं, पण मे महिन्यात कोणाचं होत नाही? फोनचं म्हणशील तर त्याचा फोन खराब आहे. म्हणजे चालते, पण खराब आहे.

मले बोटीतलं काही समजत नाही. पण तू लिहिण्याआधी दहादा विचार कर, एवढंच सांगते. तुझ्या कागदात आकडे असतील, पण त्या आकड्यांत एक पोट्टा आहे. त्याले बी घर असेल, त्याची बी आई असेल, रात्रभर जागून राहिली असेल. तू लिहिशील अन् पाकीट बंद करशील, त्याचं आयुष्य त्या पाकिटात जाईल. त्या पोट्ट्याचा विचार कर पूर्णिमा. बाकी सरांचं काय घेऊन बसली?

मले जास्त लिहायची मनाई आहे. म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरने केली.

मावशी


रत्नागिरी, १५ मे

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राने मला मोकळं केलं. मी आकड्यांत अडकले होते आणि अंथरुणावर पाठ मोडून पडलेला तो मुलगा विसरलेच होते. त्याच्या आईचं तू लिहिलंस ते वाचून लाज वाटली. माझ्या बोटीचं नाव राहावं की जावं हा प्रश्नच नव्हता. एका माणसाच्या हातात सुकाणू होतं आणि दुसऱ्याचं हाड मोडलं. जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

काल मत लिहून दिलं. "बोटीची रचना आणि कामगिरी निर्दोष. चालकाने वळण चुकीच्या पद्धतीने घेतलं असण्याची दाट शक्यता." 'शक्यता' शब्द मी घातला, 'दाट' सरांनी घातला.

सही केल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. अजून वाटलेलं नाही. उद्या वाटेल.

डोळ्यांना काय झालं? डॉक्टर कोणता? नीलेशला सांग, फोन दुरुस्त कर.

पूर्णिमा


रायपूर, २३ मे

पूर्णिमा,

आता मनाई गेली चुलीत.

ज्या पोट्ट्याचा विचार कर म्हटलं तो अंथरुणावरचा नव्हता गं. तो चालवणारा होता. आपला नीलेश.

पंधरा एप्रिलले झालं. लेखरामची पाठ मोडली. तो मेकाहारात, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, होता तीन आठवडे, आता घरी आहे, उताणा. नीलेशले एक ओरखडा नाही, अन् तेच त्याले सहन होऊन नाही राहिलं. पहिल्या दिवशी त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. म्हणे, "आई, शपथ घे. दीदीला सांगायचं नाही. माझ्या हातून झालं. तिच्या बोटीकडे कोणी बोट दाखवायला नको." मी शपथ घेतली. अन् तुझं पत्र आलं तेव्हा मले वाटलं, आपण नाव न घेता सांगू, पूर्णिमा हुशार आहे, समजेल. मी असं कसं लिहिलं की तुले उलटं समजलं? तू असं कसं वाचलं? दोन दिवस ते पत्र आठवून राहिली. समजत नाही दोघींत कोण चुकलं.

आज त्याच्या पथकातून कागद आला. कंपनीच्या तज्ज्ञाचं मत आलं आहे, त्यावरून चौकशी. नोकरी जाऊ शकते. नीलेश म्हणे, "देखो आई, कंपनीवाले बी तेच म्हणून राहिले." जसं काही त्याले हवं ते मिळालं. मग गच्चीवर गेला अन् दुपारभर उन्हात बसून राहिला. मी छत्री घेऊन गेली तर म्हणे, "खाली जा."

तू घातलेला तो 'शक्यता' शब्द त्या कागदात आहे का नाही, मले दिसला नाही. हिंदीत होता.

आता मी काय म्हणू तुले? तू माझी पोट्टी, तो माझा पोट्टा. कोणाच्या बाजूने उभी राहू ते सांग, म्हणजे तिथे जाऊन उभी राहते.

वनमाला


रत्नागिरी, २८ मे

मावशी,

पत्र उभ्यानेच वाचलं आणि नंतर कितीतरी वेळ बसायचं लक्षात आलं नाही.

मी सरांकडे गेले. म्हटलं, मत मागे घेते, पुन्हा चाचणी करायची आहे, तिथेच, त्याच बोटीवर, त्याच धरणात. त्यांनी विचारलं, "चालक तुझा कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग कालपर्यंत तुला शंका नव्हती आणि आज आहे, याचा अर्थ काय?"

शंका तर होतीच, तुला लिहिलेलीच आहे. पण सही केली होती. तो नीलेश नसता तर मी परत विचारलं असतं का? खरं सांगते, माहीत नाही. आणि चाचणीत बोट सरळ वळली, तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून त्याला दोषी ठरवीन. मग काय करायचं?

रजा टाकली आहे. सरांनी चाचणीला परवानगी दिली नाही, नकारही दिला नाही. नीलेशच्या साहेबांशी बोलले, ते हो म्हणाले. येते आहे. नीलेशला सांगू नकोस. नाही, सांग. काहीतरी सांग.

पूर्णिमा


रत्नागिरी, ११ जून

प्रिय मावशी,

घरी असताना तुला सगळं सांगता आलं नाही. तुझ्या कानात ओरडावं तर अख्ख्या तात्यापाऱ्याने ऐकलं असतं, आणि नीलेश त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. म्हणून आता क्रमाने लिहिते.

धरणावर आम्ही सकाळी लवकर पोचलो. बोट पत्र्याच्या शेडखाली होती. नीलेशला साहेबांनी चालवायला बंदी केली आहे, म्हणून सुकाणूवर मी. माणसांच्या जागी वाळूची पोती बांधली, लेखरामच्या जागी दोन. नीलेश काठावर उभा. नोंदीतला वेग धरला, नोंदीतलंच वळण घेतलं. बोट इतकी सुरेख वळली की काय सांगू. पुन्हा घेतलं, आणखी आवळून घेतलं. पुन्हा तसंच. माझीच बोट, मी मनात धरली होती तशी वळत होती आणि मला ती बुडावी असं वाटत होतं.

काठावर आले. नीलेश म्हणाला, "देखा दीदी? मैंने तो बोला था." आणि हसला. ते हसू मला कधी विसरता येणार नाही. मी म्हटलं, "मराठीत बोल." तो म्हणाला, "मराठीत बी तेच आहे."

माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बोट ट्रेलरवर ओढून काठावर उघड्यावर ठेवली आणि आम्ही डबे उघडले. तू दिलेली भाकरी कोणीच खाल्ली नाही. निघायच्या बेतात होतो, तोच साहेबांची गाडी आली. ते सकाळी येणार होते, मीटिंगमध्ये अडकले. म्हणाले, "एवढ्या लांब आलो आहे, मलाही एकदा दाखवा." ऊन असं की ट्रेलरच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. नीलेशने सवयीने नळ्यांचा दाब मोजला. काटा वर गेलेला. त्याने थोडी हवा सोडून तो बरोबर हिरव्या खुणेवर आणला. पुस्तिकेत लिहिलं आहे तसंच. ती पुस्तिका मी लिहिली आहे.

बोट पाण्यात उतरवली. साहेब काठावर मोबाइलमध्ये शूट करत होते. मी मधोमध जाऊन इंजिन तपासत थोडा वेळ थांबले, मग तोच वेग आणि तेच वळण. मावशी, बोट उजव्या खांद्यावर बसली आणि खांदा उठलाच नाही. पाण्याने कोणीतरी आतून धरून ओढल्यासारखं झालं. सगळं गरकन फिरलं. समोरचं एक पोतं दोर तोडून माझ्या कानाजवळून पाण्यात गेलं. लेखरामच्या जागेवरचं.

हात आधारासाठी नळीवर गेला आणि अंगठा आत रुतला. सकाळी तीच नळी ढोलासारखी टणक होती.

उन्हात तापलेली हवा फुगते. काट्यावर ती पुरेशी दिसते. थंड पाण्यात उतरलं की तीच हवा आकसते आणि नळी ढिली पडते. वळताना जिने तोलायचं तीच दुमडते. रत्नागिरीला समुद्र आणि काठ यांत एवढा फरकच पडत नाही. मी तीन वर्षं इथेच चाचण्या घेतल्या. माझी मावशी रायपूरला राहते, मेमध्ये तिथे कूलरसमोरून उठवत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण ते मला एकदाही आठवलं नाही. नीलेशने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही, पण तो लेखरामच्या घरापर्यंतच टिकला. त्याने उताण्यानेच ऐकलं आणि विचारलं, "त काकर गलती रिहिस?" मग कोणाची चूक होती? मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, "तोर? तैं तो रहेच नइ." तू तर तिथे नव्हतीसच.

नवं मत लिहून दिलं आहे. त्यात 'शक्यता' नाही. सगळ्या पथकांना कळवलं आहे की बोट पाण्यात उतरवून, थोडा वेळ थांबून मगच दाब मोजायचा, तोवर जोरात वळवायची नाही. नळ्या पांढऱ्या कराव्यात असंही सुचवलं आहे. सरांनी वाचलं. म्हणाले, "पुढच्या बोटीच्या कामावर तुला ठेवायचं की नाही, बघू." मला ते ठेवतील असं वाटतं. ठेवावं का, हे मला सांगता येत नाही.

नीलेश बोलतो का?

पूर्णिमा


रायपूर, १९ ऑगस्ट

दीदी, नमस्ते.

आई म्हणे, तूच लिही. मराठी लिहायची आदत सुटली आहे, शाळेत बी हिंदीच होती. चुका काढू नको.

चौकशी जूनमध्येच संपली. मी सुटलो, ते तुले साहेबांनी सांगितलंच असेल. लेखराम आता पट्टा बांधून वायरलेसवर बसते. बोटीवर पुन्हा येईल का, डॉक्टर बी सांगून नाही राहिला. त्याची बायको मले चहा देते, पण माझ्याकडे बघत नाही.

तुले वाटते तू मले वाचवलं. सगळ्यांना वाटते. पण दीदी, मले अजून समजत नाही. त्या दिवशी वळवताना माझे हात नेमके कसे फिरले, ते आठवतच नाही. कधी वाटते बरोबर फिरले, कधी वाटते मी लेखरामले हसवायसाठी थोडा जास्तच झटका दिला. ट्यूब ढिली होती हे खरं. पण ती टाइट असती तर झालंच नसतं का? तू म्हणते हव, नसतंच झालं. मी बी लोकांना हव म्हणतो. म्हणून बंदी उठली तरी सुकाणूले हात नव्हता लावला. साहेबांनी चाबी दिली, मी ड्रॉवरमध्ये टाकून दिली.

मागच्या आठवड्यात शिवनाथ नदीले पूर आला. एका गावचे लोक शाळेच्या छतावर अडकले होते. दुसरा ड्रायवर तापाने पडलेला. लेखराम वायरलेसवरून म्हणे, "नीलेश, तैं जा." मी म्हटलं, माझ्याकडून नाही होणार. नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग मी गेलो.

बोट पाण्यात उतरवली. थांबलो, दाब पाहिला, हवा भरली, पुन्हा पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला. मागं बसलेला पथकातला पोट्टा म्हणे, "भैया, कितीदा?" मग निघालो. सहा लोक घेतले. त्यात एक म्हातारी डोकरी होती, मांडीवर ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, कपड्याने बांधून धरलेला. मी इतका हळू चालवून राहिलो होतो की बाजूनं वाहून जाणारा ओंडका बी आमच्यापुढे गेला. प्रत्येक वळण असं मोठं घेतलं की पूर्ण वावर फिरून यावं लागे. मी कोणाकडे बघत नव्हतो.

डोकरीनं मागून माझ्या पाठीवर बोट टोचलं. म्हणे, "बेटा, अतेक धीरे काबर चलावत हस? भात जुड़ा जाही."

इतका हळू कायले चालवते, भात थंड होईल म्हणे! घर बुडालं, गाय वाहून गेली, अन् तिले गंजातल्या भाताची पडली होती. सगळे हसले. मी बी हसलो, दीदी. एप्रिलनंतर पहिल्यांदा मनापासून. हसता हसता डोळ्यात पाणी आलं, अन् समोरचं नीट दिसेना, म्हणून थांबलो. तर ती पुन्हा टोचते.

मग मी लिव्हर जरा पुढं केला. थोडासाच. बोट उचलली गेली. समोर वळण होतं, तिथे ते पिंपळाचं झाड अर्धं पाण्यात. मी घेतलं. ती कलली, टेकली, अन् उठली.

भात गरमच होता. तिनं मले बी दिला.

तुझा,
नीलेश